जपून राहा म्हणावं, पण बोल लावू नये



दर वेळी आपण बचत, कर्जाची परतफेड, शेळीपालन, परसबाग अशा विषयांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आमच्या ग्रामसंघाच्या हातून झालेली एक चूक आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत. ज्या घरची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच बोलतोय. गावाचं किंवा मुलीचं नाव सांगणार नाही. कुणाला अंदाज आला, तरी त्याची चर्चा करू नका, एवढी विनंती.

शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही आठवी ते बारावीच्या मुलींची सभा घेतली होती. विषय होता मुलींची सुरक्षितता. एका मोठ्या कार्डशीटवर दहा नियम लिहिले. अंधार पडायच्या आत घरी या. एकटीनं जाऊ नका. अनोळखी नंबरवर बोलू नका. अंगभर कपडे घाला. पाचवा नियम होता, कुणाच्याही मोटारसायकलवर बसू नका. मुलींकडून ते नियम म्हणून घेतले. चहा-बिस्किटं झाली, फोटो काढले आणि आपण चांगलं काम केलं, असं समजून आम्ही घरी गेलो.

दिवाळीनंतर त्यातली एक मुलगी शाळेला जाईना. आज पोट दुखतंय, उद्या डोकं दुखतंय. दवाखाना झाला, देवऋषी झाला. शेवटी ती मावशीजवळ बोलली. पावसाळ्यात एके दिवशी तिची बस चुकली होती. फाट्यावर अंधार, वरून पाऊस. घरी येणं-जाणं असलेला एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि "बस, घरी सोडतो" म्हणाला. ती बसली. वाटेत त्यानं नको ते चाळे केले. ती गाडीवरून उतरून पळाली आणि चिखलातून चालत घरी आली. चार महिने ती कुणाला एक शब्द बोलली नाही.

मावशीला तिनं पहिलं वाक्य काय सांगितलं असेल? "मावशी, चूक माझीच आहे. मी पाच नंबरचा नियम मोडला."

मावशी आमच्याच गटातली. पोलिसात तक्रार झाली, पुढचं सगळं मार्गी लागलं. मग घरच्यांना विचारून तिनं हे वाक्य आमच्या बैठकीत सांगितलं. आम्ही सगळ्या खाली माना घालून बसलो. नियम तिच्या भल्यासाठीच लिहिला होता. पण त्या नियमानं तिला त्या माणसापासून वाचवलं नाही. उलट नियम मोडल्याच्या भीतीनं ती गप्प राहिली. आणि त्या चार महिन्यांत तो माणूस तिच्या घरी येऊन चहा पिऊन जात होता.

बैठकीतला वाद

त्या दिवशी आमच्यात मोठा वाद झाला. एक आजी म्हणाल्या, "आम्ही काय पोरींचं वाईट चिंततो का? जग वाईट आहे. घराला कुलूप लावतोच ना आपण? मग पोरीला जपून राहा म्हणालो, तर काय बिघडलं?"

आजींचं म्हणणं आम्ही उडवून लावणार नाही. त्यांनी जग बघितलंय. जिच्या पोटी मुलगी आहे, तिच्या जिवाला घोर असतोच. जपून राहा म्हणणं हे मायेचंच बोलणं आहे.

मग नुकतंच लग्न होऊन आलेली एक सून बोलली. "आजी, कुलूप नसलेल्या घरी चोरी झाली, तरी पोलीस चोरीच लिहितात. घरमालकाला 'तुझी चोरी झालीच नाही' असं कुणी म्हणत नाही. बाईच्या बाबतीत मात्र ती तिथं गेलीच कशाला, हे आधी विचारतात. आणि सगळे सल्ले आम्हालाच का? पोरांची सभा आपण कधी घेतली?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. पोरांची सभा आम्ही कधीच घेतली नव्हती.

तिसरी एक ताई रात्रीची दारं धरायला जाणारी. शेतीची वीज रात्रीची आली की नवऱ्याबरोबर तिलाही रानात जावं लागतं. ती म्हणाली, "रात्री रानात जाताना बॅटरी घे, काठी घे, पायात बूट घाल, असं सासूबाई सांगतात. ते बरोबरच आहे, रानात साप असतात. पण उद्या मला साप चावला, तर त्या आधी गाडी बोलावतील का बॅटरी का नेली नाही म्हणून विचारत बसतील?"

सगळ्या म्हणाल्या, आधी दवाखाना. तिथंच आमचा गुंता सुटायला लागला.

बॅटरी घेऊन जा, हा सल्ला झाला. साप चावलेल्या बाईला "बॅटरी का नेली नाहीस?" असं विचारणं म्हणजे बोल लावणं झालं. शब्द जवळजवळ तेच आहेत, पण वेळ बदलली. घडण्याआधी जे बोलणं उपयोगाचं असतं, तेच घडून गेल्यावर काहीच उपयोगाचं राहत नाही. जखमेवर मीठ तेवढं पडतं. आणखी एक. सापाला कळत नाही तो काय करतोय. माणसाला कळतं. तो ठरवून करतो, कुणी बघत नाही ना ते पाहून करतो. म्हणून जाब त्यालाच विचारायचा.

सल्ला ओळखायचे तीन प्रश्न

त्यानंतर आम्ही ते दहा नियम पुन्हा वाचले आणि प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारले. तुम्हीही तुमच्या गटात विचारून बघा.

पहिला प्रश्न, हा सल्ला मुलीला काही देतो का तिच्याकडचं काही काढून घेतो? "फोनमध्ये हे नंबर ठेव," "दोघी मिळून या," "बस चुकली तर शाळेजवळच्या अमक्या ताईंकडे थांब, आम्ही न्यायला येतो" या सल्ल्यानं मुलीला काहीतरी मिळतं. "शाळा बंद कर," "फोन ठेवू नको," "क्लासला जाऊ नको" या सल्ल्यानं तिचं शिक्षण जातं, पुढची कमाई जाते. छेड काढणारा फाट्यावर तसाच उभा राहतो आणि पोरीचं लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी उरकलं जातं, हे आपण डोळ्यांनी बघतो.

दुसरा प्रश्न, तो पाळणं तिच्या हातात आहे का? "अंधाराच्या आत घरी ये" असं आम्ही लिहिलं. पण शाळा सुटते पाचला आणि बस येते कधी साडेसहाला, कधी सातला. हिवाळ्यात अंधार आधी पडतो. "एकटीनं जाऊ नको" असं लिहिलं, पण त्या वस्तीवरून शाळेला जाणारी ती एकटीच. जो नियम पाळणं शक्यच नाही, तो रोज मोडतो. आणि मोडणारीला वाटत राहतं की आपलंच चुकतंय.

तिसरा प्रश्न, धोका जिथून येतो, तिथं हा सल्ला पोचतो का? आमचे बहुतेक नियम अनोळखी माणसासाठी होते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे दर वर्षीचे अहवाल सांगतात की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत दर १०० मधल्या ९० पेक्षा जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, घरी येणारा-जाणारा, कामावरचा माणूस. कपड्यांचा आणि अंधाराचा नियम तिथं काय कामाचा? अशा घटना घरात घडतात, दिवसा घडतात, अंगभर कपडे असताना घडतात. लहान लेकरांच्या आणि म्हाताऱ्या बायांच्या बाबतीतही घडतात.

दहापैकी चार नियम कसेबसे टिकले. बाकीचे आम्ही खोडले.

बोल लावण्याची सवय कोर्टापर्यंत जाते

तुम्ही म्हणाल, चार बाया बोलल्या तर काय एवढं? पण बोल लावण्याची ही सवय गावातच राहत नाही. ती पार वरच्या कोर्टापर्यंत गेलेली आहे आणि त्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे.

मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी घरच्या एका तक्रारीसाठी भावाबरोबर रात्री पोलीस ठाण्यात गेली. घरच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेतलं गेलं. पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाला, अशी तक्रार तिनं केली. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्या नावानं ओळखला जातो, पण आम्ही ते नाव घेणार नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. तिचं आधीचं वागणं काढून तिला खोटं ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मात्र त्या दोघांना शिक्षा दिली. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिनं विरोध केला नसणार, असा अर्थ काढला.

विचार करा मैत्रिणींनो. रात्रीची वेळ, पोलीस ठाणं, समोर वर्दीतली माणसं आणि कोवळ्या वयाची मजूर मुलगी. ती ओरडली का नाही, असं विचारायचं?

१९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. १९८० मध्ये मुंबई, दिल्ली, नागपूर अशा ठिकाणी बाया रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस किंवा सरकारी माणसाच्या ताब्यात असताना अत्याचार झाला, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि माझी संमती नव्हती असं बाईनं कोर्टात सांगितलं, तर कोर्ट तिचं म्हणणं धरून चालेल, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं गुन्हा झाला.

पुढं बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची जुनी तरतूद २००२ च्या दुरुस्तीनं काढून टाकली. २०१३ मध्ये कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं की बाईनं झटापट केली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं म्हणता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे. कायद्यानं "ती तिथं का गेली" हा प्रश्न मागं टाकायला इतकी वर्षं लावली. आपल्या ओट्यावर, पाणवठ्यावर तो अजून रोज विचारला जातो.

घडलंच तर पहिलं काय करायचं

आता कामाचं ऐका. हे लिहून ठेवा, गटाच्या वहीत चिकटवा.

एखादी मुलगी किंवा बाई तुमच्याकडं आली, तर पहिले शब्द जपून निवडा. "का गेलीस?", "आधी का नाही सांगितलंस?", "काय घातलं होतंस?" हे प्रश्न विचारू नका. एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस. तुझी चूक नाही. आम्ही तुझ्याबरोबर आहोत." तिला पाणी द्या, जवळ बसा. दहा जणींना गोळा करून तिच्याकडून दहा वेळा वदवून घेऊ नका.

अत्याचार झाला असेल, तर लवकरात लवकर दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, दवाखान्यानं उपचार मोफत केलेच पाहिजेत. आधी पोलिसांचा कागद आणा, असं म्हणता येत नाही. पोलिसांना दवाखाना स्वतः कळवतो. गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून औषधं असतात. ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून घाई करायची. तपासणी तिची संमती घेऊनच होते. शक्य असेल तर त्याआधी आंघोळ करू नये. अंगावरचे कपडे धुवू नयेत, कागदात गुंडाळून ठेवावेत. आंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, बरेच दिवस उलटले असतील, तरीही तक्रार करता येते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. अशा गुन्ह्यात महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्यानं नोंदवायचा असतो. बलात्काराच्या गुन्ह्यात तो तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. बलात्कार, विनयभंग अशा गंभीर गुन्ह्याची तक्रार लिहून घ्यायला कुणी अधिकाऱ्यानं नकार दिला, तर तो नकार हाच त्याचा गुन्हा ठरतो. मग जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा.

मुलगी किंवा मुलगा १८ वर्षांच्या आतला असेल, तर पोक्सो कायदा लागतो. ज्याला घटना कळली, त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गावात बसून मिटवामिटवी करता येत नाही.

नंबर पाठ करा. तातडीची मदत ११२. महिला मदतवाहिनी १८१. मुलांसाठी १०९८. मोबाईलवर फोटोचा गैरवापर किंवा ऑनलाइन फसवणूक झाली, तर १९३०. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. तिथं राहण्याची सोय, समुपदेशन, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच ठिकाणी मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिची कमाई कितीही असो. बलात्कार, पोक्सो आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिची चौकशीही याच प्राधिकरणाकडं करा.

मजुरीला जाणाऱ्या बायांनी हेही ध्यानात ठेवावं. मालक कामावर त्रास देत असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामावर मुकादम वा आणखी कुणी त्रास देत असेल, तर जिल्ह्यात स्थानिक समिती असते. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायाही २०१३ च्या कायद्याखाली तिथं दाद मागू शकतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. लिहिता येत नसेल, तर लिहून द्यायला मदत मिळते.

गावानं काय करायचं

आता आम्ही काय केलं, ते सांगतो. फार मोठं काही नाही.

पहिलं, मुलींची सभा पुन्हा घेतली. जुना कार्डशीट सगळ्यांसमोर फाडला आणि मुलींची माफी मागितली. नव्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं, "कुठलाही नियम मोडला असला, तरी आमच्याकडं येऊन सांग. आम्ही रागावणार नाही." गावातल्या तीन बायांची नावं मुलींनीच सुचवली, ज्यांच्याकडं त्या कधीही जाऊ शकतील. त्यात आमच्या अध्यक्षांचं नाव नव्हतं. अध्यक्ष हसल्या, म्हणाल्या, "मी ओरडते ना, म्हणून."

दुसरं, पोरांची सभा घेतली. मुलीनं नाही म्हटलं तर ते नाहीच असतं, मागं-मागं फिरणं हा गुन्हा आहे, तिचे फोटो फिरवणं हा गुन्हा आहे, हे सांगितलं. दोन-चार पोरं खिदळली, बाकीच्यांनी ऐकलं. एकानं विचारलं, "मित्र असं करत असला तर आम्ही काय करायचं?" सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. आम्ही सांगितलं, त्याला तिथंच थांबव. थांबवता आलं नाही, तर घरच्या मोठ्या माणसाला नाही तर आम्हाला सांग. गप्प राहू नको.

तिसरं, प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते. आम्ही ती खरी घेतली. फाट्यावर दिवे आणि बसची वेळ शाळा सुटण्याशी जुळवणं, असे दोन ठराव केले. दिवे लागले. बसचा अर्ज आगारात गेलाय, दोनदा भेटून आलो, वेळ अजून बदललेली नाही. तोवर बस चुकली तर मुलींनी कुठं थांबायचं आणि न्यायला कुणी जायचं, याची आम्ही पाळी लावली आहे.

त्या आजी आता काय म्हणतात, ते सांगतो आणि थांबतो. परवा त्यांची नात क्लासवरून उशिरा आली. आजी दारातच उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, आता पोरीची काही खैर नाही. आजी एवढंच म्हणाल्या, "आलीस? वाटेत काही झालं नाही ना? झालं असलं तर सांग, आणि नसलं तर हात-पाय धू, भाकरी गरम आहे."

ती मुलगी, जिच्यामुळं आम्ही हे सगळं शिकलो, पुन्हा शाळेला जाते. बाकीची गोष्ट तिची आहे, ती आम्ही सांगणार नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा लेख एकीनं मोठ्यानं वाचा. मग आपापल्या घरातल्या मुलींना एकच विचारा, "तुला काही झालं, तर पहिल्यांदा कुणाला सांगशील?" त्यात तुमचं नाव आलं नाही, तर रागावू नका. आमचंही आलं नव्हतं.